ताई ची : तालमीतून उद्यानात

बीजिंग शहराच्या दक्षिण भागात स्वर्गमंदिर नावाचे एक विस्तीर्ण उपवन आहे. एके काळी चीनचा सम्राट सुगी चांगली व्हावी म्हणून तेथे येऊन आकाशाची पूजा करीत असे, आणि सामान्य माणसाला त्या तटाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १९१८ साली ते उपवन सर्वांना खुले झाले. आज तेथील जुनाट सरूवृक्षांखाली पहाटेपासून वृद्ध स्त्रीपुरुष जमतात. ती धावत नाहीत, दंडबैठका काढीत नाहीत, श्वासही जोराने घेत नाहीत. गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू नेत, हात जणू पाण्यातून फिरवावेत तसे फिरवीत ती एकामागून एक पवित्रे घेतात. नवख्या पाहणाऱ्याला हा व्यायाम आहे की एखादा विधी आहे, हेच क्षणभर समजत नाही.

या व्यायामाला जग ताई ची या नावाने ओळखते. पण हे नाव अर्धेच आहे. चिनी भाषेत पूर्ण नाव ताइजीछुआन असे आहे. ताइजी म्हणजे यिन आणि यांग ही दोन परस्परपूरक तत्त्वे ज्यातून निघतात ते परमतत्त्व. आणि छुआन म्हणजे मूठ, अर्थात मुष्टियुद्ध. परदेशी जाताना नावातील मूठ गळून पडली. शिवाय उरलेल्या नावातील ची म्हणजे प्राणशक्ती, असा जो समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे तोही खरा नव्हे. प्राण या अर्थाचा चिनी शब्द निराळा असून तो निराळ्या चिन्हाने लिहिला जातो; रोमन लिपीत उतरवताना दोन्ही सारखे दिसू लागले एवढेच.

नावातील ही हरवलेली मूठ मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्या विद्येचा हेतू प्रतिपक्ष्याला लोळवणे हा होता, ती गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंच्या हाती कशी आली, आणि येताना तिच्यात काय बदलले, हा प्रश्न त्या नावातूनच उभा राहतो.

परंपरेचे उत्तर सर्वपरिचित आहे. वूदांग पर्वतावर राहणाऱ्या चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धाने एकदा साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली. पक्ष्याच्या चोचीचा प्रत्येक घाव साप अंग वळवून चुकवीत होता. मृदू हे कठिणाला जिंकते, हे रहस्य त्या सिद्धाला उमगले आणि त्यातून ताइजीछुआन जन्मास आले. कथा रम्य आहे. अडचण एवढीच, की हा सिद्ध बाराव्या शतकातला की चौदाव्या, याबद्दलही कथाकारांत मेळ नाही. मुष्टियुद्धाशी त्याचे नाव जोडणारा सर्वांत जुना महत्त्वाचा लेख म्हणजे हुआंग झोंगशी या विद्वानाने १६६९ साली एका योद्ध्यासाठी लिहिलेला समाधिलेख. आणि त्यात ताइजीछुआन हे नाव कोठेही आढळत नाही. हुआंग हा गेलेल्या मिंग राजवटीचा निष्ठावंत होता. बाहेरून आलेल्या मांचूंची सत्ता त्याला मनापासून मान्य नव्हती. तेव्हा परकीय बौद्ध मठातील कठोर युद्धविद्येपेक्षा देशी सिद्धाची मृदू विद्या श्रेष्ठ, असे सांगताना त्याने राजकीय रोष आडवळणाने प्रकट केला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

आरोग्यासाठी अंग हलविण्याची चिनी परंपरा मात्र या सर्वांहून कितीतरी जुनी आहे, आणि तिला सिद्धपुरुषाच्या कथेची गरज नाही. चांगशा शहराजवळ मावांगद्वै येथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडण्यात आली. तिच्यात रेशमावरील एक चित्रपट सापडला. त्यावर ४४ आकृती होत्या : स्त्रिया, पुरुष, तरुण, वृद्ध, कोणी हात ताणलेला, कोणी कमरेत वाकलेला, कोणी प्राण्यांच्या हालचालींची नक्कल करणारा. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर मृत्यू पावलेल्या ह्वा थ्वो या वैद्याने वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी या पाचांच्या चालीवरून व्यायाम बसवल्याची नोंद जुन्या इतिवृत्तात आहे. चिनी वैद्यकाचा आद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या पीत सम्राटाच्या ग्रंथात तर रोग होण्याआधी त्याचा बंदोबस्त करणाऱ्यालाच शहाणा म्हटले आहे. तहान लागल्यावर विहीर खणणे ही आपल्याकडे घरोघरी वापरली जाणारी उपमा त्या ग्रंथातही नेमकी याच संदर्भात येते. तिच्या जोडीला आणखी एक उपमा आहे, ती लढाई सुरू झाल्यावर शस्त्रे घडवायला बसणाऱ्याची. वैद्याला शिपायाची उपमा सुचावी, हे पुढील इतिहासाच्या दृष्टीने मोठे सूचक आहे.

परंतु हे प्राचीन व्यायाम म्हणजे ताई ची नव्हे. ताई चीचा उगम शोधावयाचा तर पीत नदीच्या खोऱ्यात, हनान प्रांताच्या वन तालुक्यातील एका धुळकट खेड्यात जावे लागते. गावाचे नाव चेनज्यागौ, म्हणजे चेन कुळाची घळ. या कुळातील चेन वांगथिंग हा सतराव्या शतकातला लष्करी माणूस. १६४४ साली मिंग राजवट कोसळली आणि त्याचे दिवस फिरले. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका कवितेत, गावी परतल्यावर ताओपंथी ग्रंथ सोबतीला घेऊन आणि मुलानातवंडांना मुष्टियुद्धाचे पाठ देऊन आपण वार्धक्य कंठीत असल्याचे त्याने म्हटले आहे. त्याच्या पूर्वीच्या शतकात समुद्रकाठच्या चाच्यांचा बीमोड करणाऱ्या छी जीग्वांग या सेनापतीने सैनिकांसाठी मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे ग्रंथरूपाने संकलित केले होते. त्यांपैकी २९ पवित्रे चेन घराण्याच्या जुन्या क्रमांत सापडतात. मुष्टियुद्धाचा मोठ्या रणात फारसा उपयोग नाही, पण हातपाय चपळ करावयास ते उत्तम, असे खुद्द या सेनापतीचे मत होते. या रोखठोक लष्करी पवित्र्यांना श्वास आणि अंतर्गत शक्ती यांविषयीच्या ताओपंथी कल्पनांची जोड चेन वांगथिंगनेच दिली काय, यावर आजही एकमत नाही. पण ती जोड त्या खेड्यात दिली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर जाऊ दिली गेली नाही, एवढे निश्चित.

चेन कुळातील पुरुष व्यापाऱ्यांच्या तांड्यांना संरक्षण देण्याचा व्यवसाय करीत. तेव्हा त्यांचा व्यायाम आजच्यासारखा संथ नव्हता. त्यात उड्या होत्या, जमिनीवर पाय आपटणे होते, मंद चालीतून एकाएकी वीज कडाडावी तसा ठोसा होता. चेन शैलीत आजही हे सारे शिल्लक आहे.

विद्या घराबाहेर पडली ती यांग लूचान या परक्या शागिर्दामुळे. १७९९ साली जन्मलेला हा गरीब तरुण हबै प्रांतातील युंगन्यन गावचा. तेथे चेन कुळातील एकाचे औषधांचे दुकान होते आणि त्या दुकानाच्या ओळखीने तो चेनज्यागौला पोहोचला, असे परंपरा सांगते. रात्री भिंतीच्या फटीतून पाहून त्याने विद्या चोरली, ही कादंबरीला शोभणारी गोष्ट तिला नंतर चिकटली. वस्ताद चेन चांगशिंग याने त्याला रीतसर शिकवले, हेच अधिक संभवनीय. परतल्यावर यांग राजधानीत गेला आणि मांचू सरदारांच्या वाड्यांत शिकवू लागला. रेशमी झगे घालणाऱ्या, घाम गाळण्याची सवय नसलेल्या त्या शागिर्दांसाठी त्याने विद्या मवाळ केली, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्यास पुरावा नाही. पण खेड्यातील तांडेवाल्यांची विद्या वाड्यात आली की तिचा पोत बदलणारच, एवढे मानावयास हरकत नाही.

युंगन्यनमध्येच वू यूश्यांग नावाचा एक सधन, सुशिक्षित गृहस्थ होता. त्याचे बंधू सरकारी अधिकारी होते. यांगच्या विद्येने मोहित होऊन तो स्वतः हनानमध्ये जाऊन शिकून आला, आणि १८५२ च्या सुमारास एका मिठाच्या दुकानात सापडल्याचे सांगितले जाणारे जुने हस्तलिखित त्याच्या घरी आले. आज ताई चीचे मूलग्रंथ म्हणून जे छोटे छोटे लेख पूज्य मानले जातात, त्यांतले बरेच या घराण्याच्या हातून पुढे आले. त्यांतील एका पद्यात या साऱ्या खटाटोपाचा अंतिम हेतू विचारला आहे आणि उत्तर दिले आहे ते दीर्घायुष्य व चिरतारुण्य असे. प्रतिपक्ष्याचा पराभव हे उत्तर तेथे नाही. लेखणी हाती धरणाऱ्या माणसांनी या विद्येत प्रवेश केला आणि तिचे प्रयोजन बदलू लागले, त्याची ही पहिली खूण होय.

पुढचे काम बंदुकीने आणि आगगाडीने केले. अफूच्या युद्धांत परकीय तोफांपुढे चीनचे काही चालले नाही. १९०० साली मंत्राने आणि मुष्टीने गोळी अडवता येते, असा विश्वास धरून उठलेल्या बॉक्सर बंडखोरांची जी कत्तल झाली, तिने उरलासुरला भ्रम घालवला. १९०६ मध्ये बीजिंगहून हानखौपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. मग व्यापाऱ्याला तांड्यासोबत मुष्टियोद्धे नेण्याचे कारणच उरले नाही. शतकांची विद्या दोन पिढ्यांत निरुपयोगी ठरली. अशा वेळी विद्या मरते तरी, नाहीतर दुसरे काम शोधते.

ते दुसरे काम समोरच उभे होते. आशियाचा आजारी माणूस, ही त्या काळी चीनला लावली जाणारी उपाधी सुशिक्षित चिनी माणसाच्या जिव्हारी लागली होती. राष्ट्र दुबळे का, तर माणसे दुबळी म्हणून, अशी विचारसरणी बळावली. १९११ च्या क्रांतीने मांचू सत्ता गेली आणि दुसऱ्याच वर्षी श्यू यूशंग याने बीजिंगमध्ये शारीरिक शिक्षणाची एक संशोधनसंस्था स्थापिली. तेथे यांग लूचानचा नातू यांग छंगफू, तसेच मांचू वंशाचा वू ज्यानछुआन अशा नामवंतांना बोलावून सामान्य नागरिकांना उघडपणे शिक्षण देण्यास आरंभ झाला. आतापर्यंत वस्तादापुढे डोके टेकवून, वर्षानुवर्षे सेवा करून मिळणारी गोष्ट आता वर्गात नाव घालून मिळू लागली. सुन लूथांग या थोर योद्ध्याच्या बाबतीत तर ही विद्या आजारपणामुळेच हाती आली. हाव वैजन नावाचे वृद्ध वस्ताद बीजिंगमध्ये आजारी पडले असता सुनने त्यांची शुश्रूषा केली आणि उतराई म्हणून त्यांनी त्याला आपली ताइजी शिकवली. १९२१ मध्ये सुनने या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बळापेक्षा आरोग्य आणि चित्ताची समता यांवर भर होता.

यांग छंगफू १९२८ साली शांघायला गेला. व्यापारी, कारकून, प्राध्यापक, वैद्य असे त्याचे शागीर्द होते. आजोबांच्या शैलीतील उड्या, आपटणे, एकाएकी सोडलेला जोर हे सर्व त्याने काढून टाकले. पवित्रे मोठे, मोकळे आणि एकसारख्या संथ गतीचे केले. आज जगात ताई ची म्हणून जे दिसते ते बहुतांशी यांग छंगफूचे आहे. म्हणजे ज्याला लोक हजारो वर्षांचे मानतात, त्याचे आजचे रूप जेमतेम शंभर वर्षांचे आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र एक गोष्ट भक्तमंडळी सांगत नाहीत ती सांगितली पाहिजे. आरोग्याचा हा प्रवर्तक स्वतः अतिशय स्थूल होता आणि १९३६ साली, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी वारला.

या काळातील दोन रुग्णांची हकीकत उद्‌बोधक आहे. पहिला चांग जज्यांग नावाचा सेनापती. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. ताइजीच्या अभ्यासाने आपण सुधारलो, अशी त्याची श्रद्धा होती. १९२८ साली नानजिंगला राष्ट्रीय युद्धविद्येची मध्यवर्ती संस्था निघाली, तिचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. एका आजारी माणसाची कृतज्ञता अशी सरकारी धोरणात उतरली. दुसरा चंग मानछिंग. हा चित्रकार, कवी आणि वैद्यही होता. क्षयाने त्याला रक्ताच्या गुळण्या होऊ लागल्या, तेव्हा तो यांग छंगफूकडे गेला. तो जगला, १९४९ नंतर तैवानमध्ये आणि १९६४ पासून न्यूयॉर्कमध्ये शिकवू लागला, आणि अमेरिकेत ताई ची रुजवणाऱ्यांत अग्रगण्य ठरला. ताई चीने क्षय बरा झाला, असे त्याचे अनुयायी सांगत. येथे सावध असणे बरे. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषध १९४३ साली हाती आले. तत्पूर्वी विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढेच उपाय होते आणि काही रोगी त्यांवर वाचतही. जे वाचले त्यांनी आठवणी लिहिल्या. जे संथ पवित्रे करीत करीत वारले त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

खरे-खोटे निवडण्याची हीच दृष्टी इतिहासाला लावणारा एक माणूस त्याच वेळी निपजला. त्याचे नाव थांग हाव. व्यवसायाने वकील, छंदाने मुष्टियोद्धा. शाओलिन मठाच्या आणि वूदांगच्या दंतकथा त्याने कागदपत्रांच्या कसोटीवर घासल्या आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्या टिकत नसल्याचे स्पष्ट लिहिले. काही वस्तादांचा संताप इतका झाला, की त्याला चोप देण्याची भाषा निघाली. मित्रांनी मध्यस्थी केली म्हणून निभावले. थांग एवढ्यावर थांबला नाही. तो स्वतः चेनज्यागौला गेला, कुळाची वंशावळ पाहिली, म्हाताऱ्यांना विचारले आणि ताइजीचा उगम वूदांगच्या शिखरावर नसून या खेड्याच्या घळीत आहे, असा निष्कर्ष मांडला. त्याच्या सर्वच अनुमानांना पुढील संशोधकांनी मान्यता दिलेली नाही. परंतु ज्या विद्येवर प्रेम आहे तिच्याबद्दल खोटे बोलण्यास नकार देणारा माणूस कोणत्याही क्षेत्रात विरळाच. आणि पुढे आरोग्याच्या दाव्यांची जी तपासणी झाली, तिला आवश्यक असलेली वृत्ती या क्षेत्रात प्रथम त्याने दाखवली.

१९४९ साली साम्यवादी राजवट आली. पन्नास कोटींहून अधिक माणसे, वैद्य थोडे, औषधे महाग. अशा राष्ट्राला बिनखर्चाचे आरोग्य हवे होते. १९५१ च्या डिसेंबरपासून नभोवाणीवर कवायतीचे आदेश आणि संगीत सुरू झाले. शाळांत व कारखान्यांत लोक त्या तालावर हातपाय हलवू लागले. १९५२ मध्ये माओने जनतेची शरीरसंपदा वाढवण्याची घोषणा लिहून दिली. वृद्धांना आणि दुखणाईतांना ती कवायत झेपेना. तेव्हा राज्य क्रीडा आयोगाने ली थ्यानजी प्रभृती जाणकारांना बसवून १९५६ साली यांग शैलीतून २४ पवित्र्यांचा एक सोपा क्रम सिद्ध केला.

हा क्रम म्हणजे संपादनकलेचा नमुना आहे. मूळ लांब क्रमाला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे आणि त्यात तेच तेच पवित्रे पुन्हा पुन्हा येत. पुनरुक्ती गाळून तो पाचसहा मिनिटांवर आणला. सोपे आधी, अवघड मागाहून असा क्रम लावला. चिमणीचे शेपूट पकडणे या नावाचा पवित्रा जुन्या क्रमात एकाच अंगाला केला जाई, तो आता दोन्ही अंगांना केला, म्हणजे शरीराला समान व्यायाम व्हावा. योद्ध्याला असल्या समतोलाची पर्वा नव्हती. ही वैद्याची दृष्टी. मूठ वळून मारावयाचे प्रहार अवघे दोन ठिकाणी उरले : चौदाव्या पवित्र्यात आणि एकविसाव्यात. जुन्या जाणत्यांनी या छापील विद्येला नाके मुरडली आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. प्रत्येक हालचालीमागचा युद्धातला अर्थ ठाऊक नसला की हात कोठे व का जातो हे कळत नाही, आणि मग उरते ती नुसती नक्कल. पण कोट्यवधी लोकांना जे शिकवावयाचे ते वस्तादाच्या पायाशी बसवून शिकवता येत नाही, हेही तितकेच खरे.

इकडे उद्यानांत हा क्रम फोफावत असता मूळ गावाची काय दशा होती? चेन झाओफी हा कुळातील ज्येष्ठ १९५८ साली नोकरी संपवून चेनज्यागौला परतला, तेव्हा गावात घराण्याची विद्या जाणणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. युद्ध, दुष्काळ आणि स्थलांतर यांनी ती धुऊन नेली होती. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्याने पोराटोरांना घेऊन पुन्हा आरंभ केला. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत जुने ते सर्व वाईट ठरले. वस्तादांची विटंबना झाली, चेन झाओफीलाही छळ सोसावा लागला. १९७२ साली तो वारला. पण त्याने शिकवलेली चेन श्याओवांगसारखी मुले पुढे देशोदेशी गेली. १९७८ मध्ये डंग श्याओफिंगने जपानी पाहुण्यांना ताइजीछुआन उत्तम आहे, अशा अर्थाची अक्षरे स्वहस्ते लिहून दिली आणि वारे फिरल्याचे सर्वांना कळले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली.

आता मुख्य प्रश्न : हिच्याने खरोखर आरोग्य सुधारते काय? पहिली शास्त्रीय तपासणी चीनमध्येच झाली. बीजिंगच्या क्रीडावैद्यकातील संशोधकांनी ५० ते ८९ वर्षांच्या ८८ माणसांची तपासणी केली; त्यांपैकी ३२ जण नित्य ताई ची करणारे होते. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १३४ भरला, इतरांचा १५४. कण्याची लवचीकताही त्यांची अधिक. आकडे उत्साहवर्धक आहेत. परंतु जो म्हातारा वर्षानुवर्षे रोज पहाटे बागेत जाऊ शकतो तो मुळातच धडधाकट असण्याचा संभव अधिक. व्यायामाने तो निरोगी राहिला की निरोगी म्हणून व्यायाम करू शकला, हे अशा तुलनेतून ठरत नाही. त्यासाठी माणसे चिठ्ठ्या टाकून वाटावी लागतात : काहींनी ताई ची करावी, काहींनी दुसरे काही, आणि मग दोहोंकडे पाहावे.

असा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत अटलांटा येथे स्टीव्हन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व १९९६ साली प्रसिद्ध केला. विषय होता म्हातारपणातील पडणे. वृद्ध माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते, अंथरूण धरतो आणि त्यातून पुष्कळदा उठत नाही. औषधाने बरा करण्याजोगा हा रोग नव्हे, पडण्यापूर्वीच काय ते करावे लागते. सत्तर वर्षे व त्यावरील २०० माणसे निवडली. एका गटाने १५ आठवडे ताई ची केली, दुसऱ्याने संगणकाच्या यंत्रावर उभे राहून तोल सांभाळण्याचे शिक्षण घेतले, तिसऱ्याने आरोग्यविषयक चर्चेत भाग घेतला. पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ताई चीच्या गटात ४७.५ टक्क्यांनी घटला. गंमत अशी, की यंत्रावर मोजला असता तोल सुधारलेला दिसला तो यंत्राच्या गटाचा. कमी पडले मात्र ताई चीवाले. पडण्याची भीतीही त्यांचीच ओसरली. भीतीने अंग आखडलेला माणूस अधिक पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे आश्चर्य वाटत नाही. संथ गतीने एका पायावर भार देत, वाकलेल्या गुडघ्यावर तोल सांभाळत मांडीचे स्नायू बळकट होतात हे खरेच. पण त्याबरोबर पाऊल टाकण्यापूर्वी ते कोठे पडणार याकडे लक्ष देण्याची सवय लागते, ती कदाचित अधिक मोलाची असावी. हाच प्रयोग पुढे अधिक दुर्बल अशा ३११ वृद्धांवर ४८ आठवडे करून पाहिला. २००३ साली आलेल्या त्याच्या निकालात पडणे काहीसे कमी झाले, पण निश्चित म्हणावे इतके नाही. शरीर फार खचल्यावर आरंभ केला तर लाभ मर्यादितच असावा.

रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने २००७ सालचा लॉस एंजेलिसमधील एक प्रयोग लक्षणीय आहे. नागीण हा वेदनादायी रोग लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू म्हातारपणी पुन्हा उसळल्याने होतो. ५९ ते ८६ वर्षांच्या ११२ निरोगी माणसांपैकी काहींनी १६ आठवडे ताई चीचा, अमेरिकेत १९७४ मध्ये बेतलेला, एक सोपा प्रकार केला. नंतर सर्वांना कांजिण्यांची लस टोचली. ताई ची करणाऱ्यांच्या रक्तातील त्या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट आढळली. प्रयोगाने मोजल्या त्या रक्तातील पेशी. नागीण किती जणांना टळली याची मोजणी त्यात नव्हती. हा भेद जाहिरातदार विसरतात.

गुडघ्यांची झीज झालेल्या २०४ रुग्णांवरील बॉस्टनचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे ताई ची आणि प्रशिक्षित तज्ज्ञांकडून दिलेली फिजिओथेरपी यांचा गुण सारखाच ठरला. शिकवणारा चांगला हवा, हे मात्र खरे. पवित्रा खोल घेण्याच्या हौसेने गुडघा पंजाच्या पुढे गेला वा आत वळला, तर याच व्यायामाने तो दुखावतोही.

कंपवाताच्या १९५ रुग्णांवर ओरेगॉन राज्यात झालेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची रचना विशेष चोख होती. तीन गट, २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर : एका गटाला ताई ची, एकाला वजने वापरून बळाचा व्यायाम, एकाला अंग ताणण्याचा. अंगाचा तोल सावरण्यात ताई चीचा गट दोघांनाही मागे टाकून गेला. पडण्याच्या बाबतीत तो ताणाच्या गटाहून सरस ठरला. बळाच्या व्यायामाहून सरस म्हणण्याइतका फरक मात्र आढळला नाही. मूळ रोग कोणत्याही गटात बरा झाला नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. वर्ग बंद झाल्यावर तीन महिन्यांनी रुग्णांना पुन्हा तपासले, तेव्हा मिळालेला लाभ टिकून होता.